गुरांचं मीठ

माझ्या वहिनीला विसरण्याचा आजार नाही. ती रोज सकाळी त्या आजारावरची एक पांढरी गोळी घेते, तिचे मुलगे तिला गॅसजवळ एकटी सोडत नाहीत, आणि ती स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की माझं डोकं आता राहिलं नाय. हे सगळं एका वाक्यावर उभं आहे. ते वाक्य मी बोललो होतो, आणि ते खोटं होतं.

मी मुळात फार बोलणारा माणूस नाही. आम्ही दोघेही भाऊ तसेच. थोरला बोलायचा नाही म्हणून लोक त्याला गरीब म्हणायचे. मी बोलत नाही म्हणून मला हुशार म्हणतात. या हुशारीचा मला आयुष्यभर फायदा झाला. गप्प बसलेल्या माणसाला कोणी फारसं काही विचारत नाही.

आमचं गाव पनवेलजवळच्या कोनच्या पुढे, खाडीच्या अंगाला. आता गाव म्हणायचं ते सवयीनं. वडिलांच्या वेळी आमचं मिठागर होतं. हंगाम संपला की मिठागराच्या तळाचं जे मीठ खरवडून निघायचं, करडं, चिखल लागलेलं, ते कोणी विकत घेत नसे. ते गोठ्यातल्या मडक्यात जायचं. त्याला आमच्याकडे गुरांचं मीठ म्हणत. बैलानं पेंढा सोडला, टाक मूठभर मीठ. म्हैस आटली, टाक मूठभर मीठ. जनावराला दुसरं काय लागतं, असं वडील विचारायचे, आणि त्यावर कोणी उत्तर द्यायचं नसे. पुढे मिठागर गेलं, तिथे कंटेनर उभे राहिले, तरी आमच्या गोठ्यातलं मडकं राहिलं. त्यात दुकानातलं खडे मीठ येऊ लागलं, एवढाच फरक.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे माझं खाणंपिणं, डोक्याला तेल, परीक्षेच्या दिवशी हातावर दही, सगळं तिनंच केलं. ती मला बाला म्हणायची. मी पन्नाशी ओलांडली, केस गेले, तरी बालाच. आमच्याकडे थोरल्या भावाच्या बायकोलाही तू म्हणतात, निदान मी तरी म्हणतो.

भाऊ गेल्यावर तिच्याकडे तीन म्हशी उरल्या. गावात दुसऱ्या कोणाकडेच काही उरलं नव्हतं. प्लॉट, बिल्डर, मटेरियल सप्लाय, सगळे त्यात. तिचे मुलगेही खडी आणि रेती पुरवतात. गोठ्याची जागा रस्त्याला लागून, बिल्डर कधीचा मागत होता. मुलं म्हणायची, "आई, आता बस कर. शेण काढायचं वय आहे का तुझं?" ती म्हणायची, "म्हशी हायत तवर गोठा हाय. आन गोठा हाय तवर मी तुमच्या बायकांच्या हातात नाय." दोन्ही सुना हसायच्या. त्यांनाही ते बरंच होतं.

माझा कारखाना बंद पडला आणि मी बराच काळ घरी बसलो. मग एका संस्थेत काम लागलं. संस्था लहान, ऑफिस पनवेलला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला समजावलं ते असं: म्हशीच्या पोटात चारा पचताना वायू तयार होतो, तो ढेकरेतून बाहेर पडतो आणि वर हवेत जाऊन उष्णता धरून ठेवतो. समुद्रात एक लाल शेवाळ असतं. ते वाळवून, भुकटी करून, रोजच्या खुराकात थोडंसं मिसळलं की तो वायू कमी होतो. हे खरंच होतं का, आपल्या म्हशींमध्ये होतं का, दूध आटत नाही ना, हे बघायचं. त्यासाठी गोठे हवे होते. मी म्हटलं, एक गोठा माझ्या घरचा आहे.

ढेकर मोजायला एक यंत्र यायचं. मोठ्या डब्यासारखं. म्हशीनं खायला आत तोंड घालायचं आणि यंत्रानं तिचा श्वास हुंगायचा. ते टेम्पोतून पहिल्यांदा उतरलं तेव्हा अर्धं गाव जमलं.

"काय रं, ढेकरा मोजतोस?" आमचा एक चुलता म्हणाला. "मंग आमच्या सरपंचाची बी मोज. हळदीचं मटन खाल्ल्यावर तो ढेकर देतो ना, तुजी मशीन फुटंल."

दुसरा हायवेकडे हात करून म्हणाला, "ते ट्रक बघ किती धूर सोडतात. त्यांना खायला घाल तुजं शेवाल. आमची म्हस बिचारी काय करते?"

वहिनी गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. ती त्यांना म्हणाली, "तुमी जमिनी इकल्या, म्हशी इकल्या, आता तोंडं तेवढी राह्यली. जावा घरी. माजा बाला दुनियेचं काम करतोय."

दुनियेचं काम. मला ते शब्द आवडले होते. आज लिहितानाही लपवत नाही.

आणि पहिले काही महिने ते खरंही वाटलं. दक्षिणेकडून भुकटीची पोती यायची, मॅडम प्रमाण ठरवून द्यायच्या, वहिनी म्हशींचा खुराक, आंबोण, कालवताना वरून चमच्यानं टाकायची. वास उग्र होता, पण प्रमाण इतकं थोडं की म्हशींनी फार नखरे केले नाहीत. पुढच्या खेपेला यंत्र आलं तेव्हा आकडा खाली आला होता. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी वहिनीला मिठीच मारली. वहिनीच्या हाताला शेण होतं, ती हात लांब धरून उभी राहिली. मी त्या दिवशी घरी जाऊन कपाटातला इस्त्रीचा शर्ट उगाच काढून घातला. तीन म्हशींनी जगाचं तापणं थांबणार नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कारखान्याच्या गेटला कुलूप लागल्यापासून माझ्याकडून कोणाला काही हवं होतं, ते पहिल्यांदाच.

मग मे महिन्यात भुकटी संपली आणि नवी पोती आली नाहीत. कुठेतरी अडकली होती. यंत्र येण्याची तारीख ठरलेली. मध्ये खंड पडला तर आधीचे महिने वाया, असं मॅडम बोलता बोलता म्हणाल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे थोडी शिल्लक आहे, पुरेल. शिल्लक काही नव्हती.

मी उरणच्या बाजूला गेलो. ओहोटीला खडकांवर शेवाळ असतं, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. मासळीवाल्या एका बाईनं हसत हसत गोणी भरून दिली. "काय, भाजी करनार काय दादा?" तिनं विचारलं. शेवाळ लालसर दिसत होतं. मॅडमचं शेवाळ तेच का, हे मला सांगता आलं नसतं. लाल आहे, समुद्रातलं आहे, एवढ्यावर मी समाधान करून घेतलं.

मॅडमनी सुरुवातीला शिकवताना एक गोष्ट दोनदा सांगितली होती. कधी ताजं शेवाळ वापरायची वेळ आली तर ते गोड्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचं, जिभेला खारट लागेनासं होईपर्यंत. मी धुतलं नाही. नळाला पाणी सकाळी थोडा वेळ येत होतं, हे एक. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की मला ते हास्यास्पद वाटलं. मीठ धुवायचं? गुरांच्या तोंडचं मीठ? मिठागरवाल्याच्या घरात जन्मलो मी. ज्या मिठासाठी आमच्या म्हशी मडक्याला जीभ लावायच्या ते मी पाणी घालून गटारात सोडू? मनात म्हटलं, या शहरातल्या पोरीला काय कळतंय गुरांचं. आणि पत्र्यावर ते शेवाळ तसंच वाळत घातलं. वाळल्यावर त्याच्यावर पांढरी साय धरली होती. मला ती बघून बरंच वाटलं.

म्हशींनी ते खाल्लं नाही. मी प्रमाणही खूप वाढवलं होतं. शेवाळ हलक्या प्रतीचं असेल तर जास्त घातलेलं बरं, असा हिशेब. थोरली म्हैस वास घेऊन फुरफुरली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मग मी तेच केलं जे वडील करत. मडक्यात हात घातला आणि मूठभर मीठ टाकलं. वर थोडा गूळ. तिघींनी घमेली चाटून पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी एक मूठ.

आंबोण त्या आठवड्यात मीच कालवत होतो. वहिनीला म्हटलं, यंत्र यायचंय, प्रमाण बघून द्यावं लागतं. तिला शंका नव्हती. फक्त एकदा म्हणाली, "बाला, पानी लय पितात रं या. हौद बघता बघता खाली जातो."

"ऊन आहे, वैनी," मी म्हटलं.

त्यात आपटा गावात तिच्या भाचीचं लग्न आलं. हळदीला सगळं घर जाणार होतं. मुलं, सुना आदल्या दिवसापासून तिकडे. वहिनी सकाळी धारा काढून, हौद भरून, बायकांच्या टेम्पोत बसून गेली. जाताना मला म्हणाली, "हौद भरलाय. संध्याकालच्या धारा काढ आन मंग ये. मटन संपायच्या आत ये." मी तिच्यासमोर हौद बघितला. पाणी काठाला टेकलं होतं. वर पेंढ्याची एक काडी तरंगत होती. मी हे डोळ्यांनी बघितलं आहे.

संध्याकाळी गोठ्यात गेलो तर हौद कोरडा. नुसता रिकामा नाही, तळ चाटलेला. मधली म्हैस रिकाम्या हौदात तोंड घालून उभी होती. शेजारच्या बोअरवरून पाइप ओढता आला असता. मी नवा कुर्ता घातला होता. पाइप ओढायचा म्हणजे चिखल, शेजाऱ्याला हाक मारा, मोटर चालू करायला सांगा. मनात म्हटलं, हौदावरचा नळ उघडा ठेवतो, सकाळी पाणी येईल. धारा काढल्या. आंबोण दिलं, शेवाळ घालून, मीठ घालून; यंत्र परवा यायचं होतं. आणि आपट्याला गेलो. मटण संपलं नव्हतं.

सकाळी नळाला पाणी आलं नाही. पाइपलाइन कुठेतरी फुटली होती. हे मला दुपारी कळलं, आम्ही परत आलो तेव्हा.

वहिनी टेम्पोतून उतरली ती सरळ गोठ्यात. हाताला हळद, अंगावर लग्नातली साडी. मी मागून पोचेपर्यंत तिचा ओरडा ऐकू आला. थोरली म्हैस भिंतीला कपाळ लावून उभी होती. पुढे भिंत आहे हे तिला दिसत नव्हतं, ती चालायला बघत होती. मधली थरथरत होती. धाकटी त्यातल्या त्यात बरी.

"पानी! हौद सुका हाय रं!"

तिनं शेजाऱ्याला हाका मारल्या, स्वतः पाइप ओढत आणला, साडीसकट चिखलात. म्हशींनी हौदात तोंडं घातली ती वर काढेनात. वहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. "पी गो माजे बाय, पी. मी आले. पी."

मी दारात उभा होतो. एकदम इतकं पाणी पाजणं धोक्याचं असतं हे मला माहीत नव्हतं, ही एकच गोष्ट माझ्या बाजूनं सांगता येईल. पण त्यांच्या पोटात काय गेलंय हे त्या गोठ्यात फक्त मला माहीत होतं. मी काय केलं, तर शेवाळाची उरलेली गोणी उचलली आणि मागे पडक्या न्हाणीत नेऊन ठेवली. मडक्यावर झाकण ठेवलं.

पाणी पिऊन काही वेळानं थोरली पडली. पाय झाडत, मान मागे टाकत. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती.

डॉक्टर तरुण होता, घाम पुसत आला. मधलीचे डोळे बघितले, डोळ्यापुढे बोट हलवलं. मग विचारू लागला. "खुराकात काही बदल?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आंबोण मी कालवत होतो. "नाही," मी म्हटलं.

"मीठ वगैरे जास्त पडलंय का? पोतं सांडलं, जनावरांनी चाटलं, असं काही?"

"नाही."

त्यानं मान हलवली. "पाणी?"

"हौद भरून गेलते मी काल," वहिनी म्हणाली. "आले तं सुका."

डॉक्टरनं हौदाकडे बघितलं. तो आमच्या वडिलांनी बांधलेला, बैलांच्या वेळचा, मोठा. "आजी, तीन म्हशी एवढा हौद एका दिवसात संपवणार नाहीत. भरायचा राहिला असेल. अर्धाच असेल. आणि तहानलेल्या जनावराला एकदम इतकं पाजायचं नव्हतं हो. घोटाघोटानं द्यायचं असतं."

"भरला व्हता," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "बाला, भरला व्हता ना रं?"

मुलं उभी होती, सुना उभ्या होत्या, चुलते जमले होते. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, "वैनी, घाईत होतीस तू."

एवढंच. नाही भरला असंही म्हटलं नाही. घाईत होतीस. तिचा चेहरा त्या क्षणी बदलला. राग नाही आला तिला. ती आठवू लागली. जमिनीकडे बघत, ओठ हलवत, काल सकाळपासूनचं एकेक आठवू लागली, आणि मला दिसत होतं की जे तिनं केलं होतं ते तिच्या हातातून सुटत चाललंय.

मधली दुसऱ्या दिवशी गेली. मिठाचं सांगितलं असतं तर डॉक्टरनं वेगळे उपाय केले असते. ती वाचली असती की नाही, सांगता येत नाही. तसं सांगता येत नाही म्हणून स्वतःला सोडवायचाही प्रयत्न मी करून बघितला आहे.

म्हशी पुरायला गावात जागा नव्हती. ज्याच्या त्याच्या जागेला पत्र्याचं कुंपण, आत कॉलम उभे. थोरल्या मुलानं स्वतःचा जेसीबी आणला आणि शेवटी खाजणात, भरती येते तिथे, खड्डा केला. खणताना खड्ड्यात खारं पाणी भरत होतं. ढेकरेचा विनोद त्या दिवशी कोणी केला नाही.

मॅडमना मी फोनवर सांगितलं, उष्माघात. त्या रडल्या. यंत्र आलं नाही. पुढे संस्थेचे पैसे संपले की काय झालं, ऑफिसच्या दाराला दवाखान्याचीच पाटी लागली. माझ्यामुळे नाही, इतर गोठेही चालू होते. पण दुनियेचं काम आमच्याकडून असं झालं.

धाकटी म्हैस मुलांनी विकून टाकली. वहिनीनं एका शब्दानंही अडवलं नाही. गोठ्याच्या जागी इमारत झाली आणि तिला तिच्याच जागेवर चौथ्या मजल्यावर, मुलांच्या घरात, खोली मिळाली. तिथे तिनं पाणी भरायला सुरुवात केली. बादल्या, पातेली, कळशा, पेले, सगळं काठोकाठ. नळ उघडा ठेवून त्याच्यासमोर उभी राहायची, भरलेलं पुन्हा भरायची. खालच्या मजल्यावर छत गळू लागलं. शेजारी तक्रार घेऊन आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, "मी इसरते. माज्या इसरन्यानं दोन म्हशी गेल्या."

मुलांना काळजी वाटली, ती वाटायलाच हवी. दोघे कामात, म्हणून पनवेलला मोठ्या डॉक्टरकडे मीच तिला घेऊन गेलो. डॉक्टरनं तिला आजचा वार विचारला, वस्तू दाखवून थोड्या वेळानं नावं विचारली. तिनं बरीचशी सांगितली. मग त्यानं विचारलं, "विसरायला कधीपासून होतंय?" तिनं म्हशींची सगळी गोष्ट सांगितली. हौद भरायचा राहिला, वर हातानं पाणी पाजून मारल्या. मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, घरच्या माणसाकडे बघतात तसं. मी मान हलवली. त्यानं गोळी लिहून दिली.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "तू हायस म्हनून बरं, बाला. पोरांना कुठं येल हाय."

त्याही दिवशी मी बोललो नाही.

या वर्षी धाकट्या मुलाला मुलगी झाली. मी बघायला गेलो. सून बाळ घेऊन बाहेर आली, थकलेली होती, म्हणाली, "आई, धरा ना जरा, मी तोंड धुऊन येते." वहिनीनं दोन्ही हात पाठीमागे नेले. अक्षरशः पाठीमागे. "मना नको देऊ. मी इसरीन कुठंतरी ठेवून." आणि सून, जी बोलण्याच्या ओघात विसरली होती, तिलाही ते आठवलं. "हो हो, बरोबर," असं म्हणून ती बाळ घेऊन आत गेली. त्या हातांनी मला वाढवलं होतं.

दोन दिवसांनी दुपारी गेलो. घरात सुना झोपल्या होत्या. वहिनी गॅलरीत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. शेवाळ, मीठ, न धुतल्याचं, कोरड्या हौदाचं, नव्या कुर्त्याचं. मी म्हटलं, "वैनी, हौद काठोकाठ भरलेला होता. मी बघितला होता."

"वर काडी व्हती," ती म्हणाली.

मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं.

"पेंढ्याची काडी व्हती पान्यावर. मी काडाया गेले तं टेम्पोवाल्यानं हॉरन दिला. तशीच राह्यली." ती खाली रस्त्याकडे बघत होती. "मना दिसतो रं तो हौद. रोज दिसतो, भरलेला. पन मना वाटायचं माजं डोकंच फिरलंय, नसलेलं दिसतंय. तू बोललास ना, घाईत होतीस म्हनून. मंग मी कशी बोलू भरला व्हता? तू कशाला खोटं बोलशील?"



"त्या डॉक्टरनं मिठाचं इचारलं व्हतं," ती म्हणाली. "तू नाय बोललास. मधली उभी व्हती तवा."

"हो."

"चांगली उभी व्हती."

शिव्या देईल असं वाटलं होतं, त्या मी घेतल्या असत्या. ती म्हणाली, "पाजलं मीच पन. ते काय तू नाय पाजलंस." आणि मग, उठताना, माझ्याकडे न बघता, "पोरांना सांग. आज सांग. मना माजी पोर घ्यायचीय."

मुलं संध्याकाळी आली. मी हॉलमध्ये दोघांना बसवलं आणि पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आयुष्यात इतकं सलग मी कधी बोललो नसेन. त्यांनी ऐकून घेतलं. धाकट्यानं मोबाइल उलटा करून ठेवला. माझं संपल्यावर थोरला उठून माझ्या बाजूला येऊन बसला आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, कळतंय आम्हाला," तो म्हणाला. "तिला बरं वाटावं म्हणून बोलताय तुम्ही. तुमचा जीव आहे तिच्यावर."

"अरे, खरं सांगतोय."

"शेवाळ खाऊन कुठं म्हैस मरते का, काका? सरकारी डॉक्टर बघून गेला. आणि मोठ्या डॉक्टरनं तपासलंय ना तिला? तुम्हीच तर घेऊन गेला होतात."

"तुम्ही कशाला स्वतःवर घेता?" धाकटा म्हणाला. "आणि म्हशी गेल्या ते बरंच झालं. नाही तर ती अजून शेणात असती."

मी पुन्हा बोलायला लागलो, आवाज चढला, आणि जसजसा चढला तसतसे ते दोघे अधिक मायेनं बघू लागले. एकदा बोलून मग इतकी वर्षं मी जे खोटं नुसतं असू दिलं होतं, ते यांच्यासाठी घर झालं होतं. त्यावर तिची खोली उभी होती, गोळ्या उभ्या होत्या, सुनांचं वागणं उभं होतं. मला ते हलवता येईना.

वहिनी आतल्या दारात येऊन उभी होती. केव्हापासून, माहीत नाही. सून बाळ घेऊन तिच्या बाजूनं बाहेर आली तेव्हा वहिनीनं दोन्ही हात पुढे केले. सून थांबली. तिनं नवऱ्याकडे बघितलं.

"नको आई, दमशील," धाकटा म्हणाला. "बस तू. काकांना चहा देतील तुझ्या सुना."

वहिनीनं हात खाली घेतले. मुलांकडे बघितलं नाही, सुनेकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साखर किती रं तुला, बाला? मी इसरले."

ती विसरली नव्हती. चाळीस वर्षं तिनं मला चहा दिला आहे. मी म्हटलं, "एक चमचा, वैनी."